आठ मापट्यांची पायली

मावळतवाडीत घरं सव्वीस आणि भांडणं त्याहून जास्त, पण भाताचं माप घालायचं म्हटलं की सगळ्यांचं एकमत. ते काम गोदाकाकीचं. खळ्यावर रास पडली की तिला बोलावणं यायचं आणि ती आपली पायली काखेत मारून निघायची. तिच्या मापात कधी अंगठा आत गेला नाही. माप धरणाऱ्याचा अंगठा पायलीच्या आत राहिला तर तेवढं भात कमी बसतं, आणि खंडीभर मापून होईपर्यंत त्या अंगठ्याखाली एका माणसाचं आठवड्याचं पोट दडतं, हे तिच्या सासूने तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी करून दाखवलं होतं. आता गिरणीवर काटा आला आहे आणि सगळे किलोत बोलतात. तरी भावाभावांत भात वाटायचं असो की देवळाचा वाटा काढायचा असो, वाडीला अजून गोदाकाकीची पायलीच लागते.

माप घालताना पहिल्या पायलीला ती ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणते. लाभ, दोन, तीन, चार. रीत सगळीकडचीच आहे. पण सासूने तिला त्याचं कारणही सांगितलं होतं: एक म्हटलं की भाताला एकटं वाटतं, मग पुढचं येत नाही. गोदाकाकीला हे कारण पटलं होतं. एकटं वाटणं म्हणजे काय, हे तिला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिचा नवरा बत्तीस वर्षं मुंबईत राबला, निवृत्त होऊन घरी आला आणि दोन वर्षांत गेला. मुलगा दीपक शिकला आणि तोही मुंबईला लागला, त्याला आता चौदा वर्षं झाली. म्हणजे उभ्या आयुष्यात या बाईने आपल्या घरचा पुरुष पाहिला तो रजेवर. आणि रजेचे दिवस मोजायची तिची तऱ्हा उलटी होती. दीपक गणपतीला आला की पहिल्या संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावता लावता ती म्हणायची, “सात राहिले.” दुसऱ्या दिवशी सहा. दीपक आतल्या खोलीतून ऐकायचा. त्या मोजणीत लाभ कुठे नव्हताच.

अशात शिमगा उरकून दीपक परत गेला आणि आठवड्याभरात त्याचा फोन आला. तो एका कंपनीत नकाशे करतो. रस्त्यांचे, पुलांचे ड्रोनने काढलेले हजारो फोटो जोडून त्यांचा एक नकाशा करायचा. फोटो येतात संध्याकाळी सातनंतर. ते तेव्हाच उतरवून घ्यायचे आणि एखादा राहिलेला नाही ना ते बघायचं, कारण सकाळी ड्रोनवाले पुढच्या मुक्कामाला निघालेले असतात. कंपनीने आता कळवलं होतं की ज्याच्या घरी नेट धड आहे त्याने घरून काम केलं तरी चालेल, मग ते घर मुंबईत असो की रत्नागिरीत. अट एकच, वेग दहा हवा. दीपकची बायको दीपाली तर ऐकल्या क्षणी तयार झाली. लेक दुसरीत जाणार होती, जूनमध्ये तिचं नाव गावच्या शाळेत घालता आलं असतं.

एवढ्या सगळ्या बोलण्यातलं गोदाकाकीने एकच धरून ठेवलं, दहा. फोन ठेवला आणि तिने रितेशला बोलावलं. रितेश हा वाडीचा केबलवाला, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. वर्षापूर्वी त्यानेच खांबाखांबांवरून इंटरनेटची तार वाडीत आणली होती. तो दुपारी आला, त्याने फोनवर वेग मोजायचं काहीतरी उघडलं, आणि काटा सरसर चढत नव्वदवर जाऊन थांबला.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी गोदाकाकीची गत झाली. दहा मागितले होते, नव्वद निघाले. तिने त्याच दिवशी आतल्या खोलीतली भाताची कणगी पडवीत हलवली, दुसऱ्या दिवशी खोलीला चुना काढला आणि दीपकच्या टेबलासाठी खिडकीखालची जागा शेणाने सारवून ठेवली. टेबलाखाली फरशी हवी की सारवण चालेल याची चौकशी मात्र कुणाकडे केली नाही. तोवर यमुनाबाईने, ही तिची समोरची शेजारीण, वाडीभर सांगून टाकलं होतं की गोदीच्या घरात नऊ ऑफिसं बसतील एवढं नेट निघालं आहे.

तिसऱ्या दिवशी तिने दीपकला फोन करून नव्वदचा आकडा सांगितला. तोही हरखला. मग म्हणाला, “आये, नव्वद कसले?”

“कसले म्हंजे? नव्वद.”

“फोनवर दिसतात ते मेगाबिट असतात. ऑफिस मागतंय ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट होतो.”

गोदाकाकीचा जीव एकदम भांड्यात पडला. तिला वाटलं होतं काहीतरी अवघड निघणार. “मग असा सांग की,” ती म्हणाली. “आठ मापट्यांची पायली. नव्वद मापटी म्हंजे अकरा पायल्या नि वर दोन मापटी. दहाच्या वर हायत.”

दीपक तिकडे फोनच्या कॅलक्युलेटरवर भागाकार करत होता. त्याचं उत्तर आलं अकरा पूर्णांक पंचवीस शतांश, तेही आईचं सांगून झाल्यावर. वर्षानुवर्षं नकाशे करणाऱ्या मुलाला पायलीपुढे हात टेकावे लागले, आणि ही गोष्ट गोदाकाकीने पुढे महिनाभर ज्याला त्याला सांगितली.

पण तिला एक गोष्ट मात्र खटकली. काम पायलीत होतं तर तारवाले मापट्यात का बोलतात? रितेशने प्रांजळपणे सांगितलं की सगळ्याच कंपन्या तसंच बोलतात, आकडा मोठा दिसतो. गोदाकाकी हसली. ती लहान असताना बापाच्या खळ्यावर जमीनमालकाचा माणूस मापायला यायचा. घेताना पायली शिगेची भरायचा, वर भाताचा ढीग चढवून. देताना तीच पायली हाताने सपाट पुसायचा. पायली एकच, घेणारा एकच, तरी बापाच्या कणगीत दरवर्षी खड्डा पडायचा. तेव्हा ही मापट्यांची हुशारी तिला नवी नव्हती. आकडा कसाही सांगा, तिने मनात पायल्या करून घ्यायच्या.

आता खरं घोडं पेंड खात होतं ते पुढेच. नव्वद निघाले होते दुपारी, आणि फोटो यायचे संध्याकाळी. दीपकच्या सांगण्यावरून रितेश साडेसातला येऊन बसला आणि काटा सत्तरवर थांबला. दुसऱ्या दिवशी एकाहत्तर, तिसऱ्या दिवशी पुन्हा सत्तर. आठ पायल्या नि सहा मापटी. दहाला दहा मापटी कमी.

रितेशने कारण समजावलं. तार एकच आहे आणि ती सव्वीस घरांत वाटली जाते. दुपारी लोक कामाला, म्हणून गोदाकाकीच्या वाट्याला भरपूर, कुठल्याही एका घराला जास्तीत जास्त मिळतात त्या शंभराच्या जवळपास. संध्याकाळी घरोघर टीव्हीवर मालिका लागतात, त्या हल्ली सगळ्या याच तारेतून येतात. पाणी नळाला कमी का येतं हे जसं वाडीत कुणाला सांगावं लागत नाही, तसंच हेही लागलं नाही. तार वाढवून मिळेल का, असं दीपकने विचारलं. रितेश म्हणाला, मिळेल, पण पुढच्या वर्षी. आणि कंपनीची तपासणी तर येत्या सोमवारी होती. दमयंती मॅडम म्हणून दीपकच्या साहेब होत्या, त्या संध्याकाळी साडेसातला स्वतः व्हिडिओ कॉलवर समोर बसून काटा बघणार होत्या. त्यात दहा भरले नाहीत तर एक तारखेपासून मुंबईच्या ऑफिसात रोजची हजेरी, आणि मग पुन्हा विचारणा कधी होईल ते देव जाणे.

शनिवारी दीपक आला. रविवारी सकाळी वाडी सहाणेवर जमली, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यावर. वाडीचे गावकर, म्हणजे प्रमुख, महिपत. बोलायला फटकळ, मालिका बघायला एक नंबर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन मिनिटांत निकाल लावून टाकला. उद्या सात ते आठ कुणाच्या घरात टीव्ही लागणार नाही, कुणाच्या हातात फोन दिसणार नाही. यमुनाबाईच्या मालिकेत उद्या लग्न लागायचं होतं, सहा महिने ते लग्न मोडत आणि जुळत आलं होतं, तरी तीसुद्धा मान हलवून हो म्हणाली. कुणी का-कू केली नाही. जी वाडी पाणंदीच्या दगडावरून वर्षभर भांडली होती ती दीपकसाठी एका दमात एक झाली.

गोदाकाकीला बरं वाटायला हवं होतं, तिला भरूनही आलं. पण तिने एवढंच विचारलं, “आणि मंगळवारी?”

महिपत म्हणाले, मंगळवारचं मंगळवारी बघू. दीपकने तिला घरी येताना समजावलं की तपासणी एकदाच असते, नंतर कुणी बघायला येत नाही, थोडा उशीर झाला तर तो रात्री जागून भरून काढील. सगळेच असं करतात. गोदाकाकी हूं म्हणाली. घरी आल्यावर तिने फळीवरची पायली काढली, पुसायचं काही नव्हतं तरी पुसली आणि पुन्हा ठेवून दिली.

सोमवारी सात वाजता मावळतवाडी अशी गप्प झाली की कोंबड्यांनाही शंका आली असावी. दिवे सगळीकडे होते, पण कुठल्याच घरातून मालिकेचं रडणं ऐकू येत नव्हतं. लोक ओटीवर, अंगणात नुसते बसून होते आणि गोदाकाकीच्या घराकडे बघत होते. चुना काढलेल्या खोलीत दीपक लॅपटॉपसमोर बसला होता. गोदाकाकी दाराच्या चौकटीला टेकून उभी. साडेसातला पडद्यावर दमयंती मॅडम आल्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. त्यांनी तिकडून मोजणी सुरू केली. काटा चढत गेला, नव्वदच्या पुढे गेला आणि शहाण्णववर थांबला. गोदाकाकीने मनात म्हटलं, बरोब्बर बारा.

“छान आहे की,” मॅडम म्हणाल्या. त्या काहीतरी लिहून घेत होत्या. “रोज संध्याकाळी एवढाच मिळतो ना?”

दीपकने तोंड उघडलं. गोदाकाकीने त्याची मान बघितली. लहानपणी खोटं बोलायच्या आधी त्याची मान अशीच ताठ व्हायची. तो आता हो म्हणणार हे तिला कळलं. आणि तिला तो हो हवा होता, हे कशाला लपवायचं? तिला मुलगा घरी हवा होता, सून हवी होती, शाळेतून धावत येणारी नात हवी होती. नुसतं गप्प राहिली असती तर सगळं पदरात पडत होतं. पण बाहेर सव्वीस घरं तिच्यासाठी मुकाट बसली होती, आणि हातात पायली नसतानाही तिला आपला अंगठा मापाच्या आत गेल्यासारखा वाटला.

ती दोन पावलं पुढे आली. “म्याडम, मी ह्याची आई. आजचा माप शिगेचा हाय. आज वाडीन टीवी बंद ठेवलान, म्हणून भरला. रोजचा सपाट हाय, आठ पायल्या नि सहा मापटी.”

दीपकने मान खाली घातली आणि आईचं बोलणं त्यांच्या भाषेत सांगितलं. सत्तर मेगाबिट, म्हणजे पावणेनऊ मेगाबाइट. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला, लिहिलेलं काहीतरी खोडलं, आणि उद्या कळवते म्हणून फोन बंद केला.

दीपक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता भिंतीकडे बघत म्हणाला, “आये, चौदा वर्सा झाली गो.”

“मला ठाव हाय,” गोदाकाकी म्हणाली. “मीच मोजलीत.” आणि मग तिला रडू आलं. मापाच्या बाबतीत ती कधी चुकली नव्हती, पण आज आपण बरोबर केलं की घात केला, हे तिलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात निकाल ऐकायला माणसं पडवीत येऊ लागली. झालं ते ऐकून महिपतांचा पारा चढला. अख्खी वाडी तासभर तोंडावर बोट ठेवून बसली ती काय यासाठी, असं ते दोनदा म्हणाले. यमुनाबाईने कपाळाला हात लावला. हिच्या खरेपणापायी आपलं ते सहा महिन्यांचं लग्न बुडालं, तेही फुकट. गोदाकाकीने डोळे पुसले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या रितेशला विचारलं, “एक टीवी किती मापटी खातो?”

रितेशला आधी कळेना. मग तो म्हणाला, चांगल्या चित्रात मालिका बघितली तर पाचेक मेगाबिट जातात.

“पाच मापटी,” गोदाकाकी म्हणाली. “आमाला कमी पडतात दहा.”

हिशेब इतका सोपा होता की तो आपल्याला आधी का सुचला नाही, असं प्रत्येकाला वाटलं असणार. सव्वीस घरं बंद ठेवायची गरजच नव्हती. दोन पुरे होती. पण रोज.

गोदाकाकीने पुढे काही मागितलं नाही. ती मागणारही नव्हती, एक दिवसाची भीड वेगळी आणि रोजची वेगळी. बोलले ते महिपत, आणि तेही अजून रागातच. देवळात दिवा लावायची पाळी असते तशी लावा, त्यांनी फर्मावलं. सव्वीस घरं, रोज दोन, म्हणजे तेरा दिवसांनी एकदा एकेकाची पाळी. तासाभराचा तर प्रश्न. पुढच्या वर्षी तार वाढली की पाळी बंद. तेरा दिवसांतून एकदा मालिका चुकली म्हणून कुणी मरत नाही, असं त्यांनी सगळ्यांना दरडावून सांगितलं, जणू कुणी नाही म्हणालं होतं.

“पयली पाळी माझी लावा,” यमुनाबाई म्हणाली. “लगीन तर बुडालाच हाय.”

सकाळी दमयंती मॅडमचा फोन आला तेव्हा दीपकने त्यांना पाळीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, रोज म्हणजे खरंच रोज? दीपक म्हणाला, देवळातला दिवा आमच्या आज्याच्या वेळेपासून एक दिवस चुकलेला नाही. मॅडम म्हणाल्या की ठीक आहे, या आठवड्यात त्या न सांगता मधेच कधीतरी तीनदा मोजतील.

बुधवारी त्यांनी मोजलं तेव्हा ऐंशी भरले. दहा पायल्या, ना कमी ना जास्त. गुरुवारी भरले शहात्तर. गोदाकाकीने ऐकलं आणि म्हणाली साडेनऊ पायल्या, अर्धी पायली कुठे गेली? पाळी होती महिपतांची आणि वरच्या आळीतल्या एका घराची. दोन्ही टीव्ही बंद होते. ती कंदील न घेताच महिपतांच्या अंगणात गेली, तर गोठ्याच्या फटीतून उजेड दिसत होता. आत म्हशीच्या पाठीला पाठ लावून वाडीचे गावकर फोनवर मॅच बघत बसले होते.

“भावजी,” गोदाकाकी दारातून म्हणाली, “तुमचा अंगठा आत हाय.”

महिपतांनी फोन बंद केला. त्यानंतर पंधरा दिवस वाडीत त्यांच्यासमोर कुणी क्रिकेटचं नाव काढलं की ते म्हशीच्या दुधावर बोलू लागत. दीपकने शहात्तरचं कारण मॅडमना जसंच्या तसं कळवलं, गोठ्यासकट. शनिवारी मोजलं तेव्हा एक्क्याऐंशी भरले. दहा पायल्या नि वर एक मापटं. गोदाकाकी म्हणाली, बरोबर आहे, मोजून झाल्यावर वर थोडं घालायचीच रीत असते.

त्या रात्री आठ वाजता मॅडमनी पुन्हा फोन केला आणि आईंना द्या म्हणाल्या. गोदाकाकीने पदर सारखा करून फोन कानाला लावला.

“मावशी, लोक मला दहा सांगतात आणि सहा देतात,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडून कमी भरलेलं मापसुद्धा मला कळलं. तुमचे दहा मी दहाच धरते. दीपकला गावी राहू दे.”

गोदाकाकीने मॅडमना आंबे पाठवते म्हणून सांगितलं आणि फोन दीपकच्या हातात दिला.

मे संपता संपता दीपक सामानाचा टेंपो घेऊन आला, बरोबर दीपाली आणि लेक. तो मुंबईत होता तेव्हाही वाडीने पाळी मोडली नव्हती. त्या दिवसाची पाळी फिरत फिरत पुन्हा यमुनाबाईवर आली होती, आणि तिच्या जोडीला वरच्या आळीतली पार्वती. टीव्ही बंद करून घरात बसायचं कशाला, म्हणून दोघी गोदाकाकीच्या पडवीत येऊन बसल्या. पाळीवाल्यांनी संध्याकाळी इथेच येऊन बसायचं हे आता ठरून गेलं होतं, आणि महिपत तर पाळी नसतानाही येत. चुना काढलेल्या खोलीत कुठल्यातरी लांबच्या पुलाचे फोटो उतरत होते. नात आजीच्या मापट्यात चिंचोके भरून ते पायलीत ओतत होती आणि किती वेळा ओतलं की पायली भरते ते मोजत होती. सातव्या मापट्याला तिचे चिंचोके संपले.

दिवेलागण झाली. गोदाकाकी तुळशीपुढे आली, वात सारखी केली, काडी ओढली. ती दरवर्षीची वेळ होती आणि दीपकला ती पाठ होती. खोलीत त्याची बोटं थांबली. पडवीत यमुनाबाईसुद्धा बोलता बोलता गप्प झाली, कारण समोरच्या घरातून तिनेही ती मोजणी चौदा वर्षं ऐकली होती.

गोदाकाकीने दिवा लावला, हात जोडले. सवयीने तोंड उघडलं, पण किती राहिले ते तिला सांगता येईना, कारण राहिलेले दिवस या वेळी कुणी तिला दिलेच नव्हते. मग खळ्यावर पहिली पायली ओतताना म्हणते तसं, आवाज लांबवून, ती म्हणाली, “लाभ.”